शेंड्याकडून तोडायचा आकडा

संक्रांतीला भाची आली की पहिलं काम ऊस. परभणीकडं आमचं गाव, जायकवाडीच्या कालव्याचं पाणी, त्यामुळं उसाला तोटा नाही. वसरीवर बसायचं, विळ्यानं वाढे उडवून म्हशीपुढं टाकायचे अन् एकेक कांडं तोडून सोलत बसायचं. यंदा पोरगी सातवीत, गणिताचा क्लास लावलाय म्हणून लई तोऱ्यात होती, म्हणलं चला जरा जिरवू, अन् फरशीवर खडूनं लिहिलं ७३९३९१३३.

"मामा, कुणाचा नंबर हाय हा? दोन आकडे कमी पडायलेत."

तिला मोबाईल नंबरच दिसणार म्हणा. म्हणलं ही मूळ संख्या हाय, १ अन् ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. तशा मूळ संख्या ढिगानं हायेत, पण हिचं शेंड्याकडचं एक कांडं तोडून बघ. तिनं शेवटचा ३ पुसला, राहिले ७३९३९१३, ही बी मूळ. अजून तोड, ७३९३९१, ही बी. मग ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ अन् शेवटी बुडखा ७. कुठंबी तोडा, उरलेला ऊस मूळच.

तिचा विश्वास बसेना. ७३९३ धरून बसली. ८९ चा वर्ग ७९२१ होतो म्हणजे ८३ पर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून बघायचं, तरी २३ भागाकार. २, ३, ५ तर बघताच कटाप, बाकीचे मोबाईलवर केले, एकानंबी भाग गेला नाही. आठ आकड्यांच्या त्या अख्ख्या उसाला हजाराच्या वर भागाकार लागतात, तो विषय मी काढलाच नाही.

"मग पुढं अजून कांडं लावा की."

इथंच तर अडतंय. शेवटी सम आकडा किंवा ५ चालत नाही, राहिले १, ३, ७, ९. सगळ्या अंकांची बेरीज ३८, १ लावला तर ३९ अन् ७ लावला तर ४५, दोन्हीला ३ नं भाग जातो. ३ अन् ९ लावून बघितलं तरी संख्या फुटतेच. असल्या शेंड्याकडून तोडता येणाऱ्या संख्या एकूण ८३ च हायेत अन् ही त्यातली सगळ्यात मोठी. उपयोग काय म्हणाल तर काही नाही, पण मला लई आवडती.

पोरगी जरा वेळ चोखत बसली, मग म्हणली, "मामा, बुडख्याकडून तोडलं तर? शेवटी ३३ राहतेत, ३ अकरं तेहतीस!"

जिरली माझीच. मग बुडख्याकडून तोडायचा सगळ्यात लांब ऊस लिहून दिला, ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७, चोवीस कांडी, तोड म्हणलं आता. ती डावीकडून पुसत पुसत उंबऱ्यापर्यंत आली तोवर आतून आईचा आवाज आला, "तो चोथा कोण उचलणार हाय?"