आडनावातला ळ

आमचं आडनाव पिंपळकर. हिंदीत ळ नाही, त्यामुळे इंदूरला आजोबांच्या पेन्शनच्या कागदांवर आम्ही 'पिंपलकर' झालो, काकांच्या मार्कशीटवर 'पीपलकर'. चुलतभावाच्या पासपोर्टात 'एल'आधीचा 'ए' गळून 'एल'नंतर 'ई' बसला, तेव्हापासून त्याच्या ऑफिसातले त्याला मुरमाच्या इंग्रजी नावानं हाक मारतात. तो बिचारा ओ देतो.

तक्रार तरी कुठे करायची? नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर, आणि त्यांचंही नाव इथल्या विमानतळावर 'होलकर' असंच. ग्वाल्हेरचे शिंदे सिंधिया झाले, देवासचे पवार पुआर. जिथं राजघराण्यांचं असं, तिथं आमची काय कथा!

घराच्या वारसनोंदीच्या वेळी मात्र घाम फुटला. तिन्ही आडनावं एकाच घरातली, असं शपथपत्र करावं लागलं. त्यावरून मनात आलं, पण मूळचे आपण कुठले? आडनाव सांगतं पिंपळाच्या गावचे. आता महाराष्ट्रात पिंपळगाव, पिंपळनेर, पिंपळवंडी, पिंपळवाडी... पिंपळ नसलेलं गाव शोधणं सोपं.

शेवटी त्र्यंबकेश्वर गाठलं. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात. गुरुजींनी पहिलाच प्रश्न विचारला, "मूळ गाव कोणतं?"

"तेच तर शोधायला आलोय, गुरुजी."

ते हसले आणि बासनं सोडू लागले. जुन्या नोंदी मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहायची पद्धत नाही. सगळी ओळ हातात हात घालून चाललेली. (आमच्या पीपलकर काकांचं तिथं छान जमलं असतं.) दोन तासांनी पणजोबा सापडले. आडनावात ळ ठसठशीत. पुढे काय लिहिलं होतं? 'हल्ली वस्ती इंदूर.' गावाचा पत्ताच नाही! ते विचारायची वेळ आपल्या पणतवावर येईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावं.

गुरुजींनी नवी नोंद घातली आणि खाली सह्या करायला वही पुढे सरकवली. मी केली. मग लेकीनं पेन घेतलं. तिची शाळा इंग्रजी, दोस्तांशी बोलणं हिंदी. 'पिंप' लिहून ती थांबली.

"बाबा, तो वाला ळ कसा काढतात?"

मी तिच्या तळहातावर बोटानं आडवा आठ काढून दाखवला.