वळचणीखालचे वासे

दादरला आत्याकडे असलेले जुने जपानी जलरंगचित्र नेमके कुठले आणि कधीचे, हे ठरवताना मी सहीपेक्षा चित्रातल्या इमारतींवर अधिक विसंबलो. सही निम्मी माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, दडली आहे. इमारती मात्र चित्रकाराने विलक्षण निष्ठेने रंगवल्या आहेत.

उंच सुगी वृक्ष, दगडी पायऱ्या, त्यांच्या अलीकडे भक्कम दगडी तोरी आणि डावीकडे पाच मजली पागोडा, असे ते दृश्य आहे. तोरी ही शिंतो देवस्थानाची कमान, तर पागोडा बौद्धांचा. शतकानुशतके ही दोन्ही दैवते एकाच आवारात नांदली. पण १८६८ मध्ये मेइजी सरकारने त्यांची फारकत करण्याचे फर्मान काढले आणि अनेक देवस्थानांतल्या बौद्ध वास्तू पाडल्या गेल्या. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमानगूमधला पागोडाही त्यातच गेला. त्यामुळे तोरी आणि पागोडा शेजारी दिसताच शोधाचे क्षेत्र पुष्कळ आटोक्यात येते. माझी नजर निक्कोच्या तोशोगूकडे वळली. शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, तोकुगावा इएयासू याच्या या समाधिस्थानी १६१८ मध्ये कुरोदा नागामासा या सरदाराने अर्पण केलेली दगडी तोरी आहे आणि ती ओलांडली की डाव्या हाताला पागोडा लागतो. मूळचा पागोडा १८१५ मध्ये जळाला. आजचा १८१८ चा आहे.

खात्री पटली ती भिंगाखाली. या पागोड्याची छपरे वरवर जाताना फारशी लहान होत नाहीत, हे चित्रात सहज दिसते. पण खालच्या चार मजल्यांच्या वळचणीखालचे वासे समांतर आहेत आणि पाचव्या मजल्याचे तेवढे पंख्याच्या काड्यांसारखे फाकलेले, हा फरक चित्रकाराने जेमतेम दोन बोटे रुंदीच्या जागेत, केसाएवढ्या रेषांनी दाखवला आहे. पाहताना मी अक्षरशः हरखून गेलो.

काळाविषयी माझा अंदाज १८९० ते १९१० असा आहे. निक्कोला रेल्वे १८९० मध्ये पोहोचली आणि परदेशी प्रवाशांची रीघ वाढली. इंग्रज चित्रकार ॲल्फ्रेड ईस्ट १८८९ मध्ये आणि ॲल्फ्रेड पार्सन्स १८९२ मध्ये जपानला गेले, तेव्हापासून इंग्रजी धर्तीच्या पारदर्शक जलरंगांचे तिथल्या तरुण चित्रकारांना वेड लागले. जपानी चित्रकार ओशिता तोजिरो यांनी तर १९०५ मध्ये ‘मिझुए’ हे जलरंगांना वाहिलेले मासिक काढले. आत्याच्या चित्रातही ओल्या पायऱ्यांवरचा उजेड पांढऱ्या रंगाने काढलेला नाही, तिथे कोरा कागदच राखला आहे. कागद उजेडासमोर धरल्यावर व्हॉटमन या इंग्रजी कागदाच्या जलचिन्हातली काही अक्षरेही दिसतात.

असे चित्र मुंबईत सापडण्यात नवल नाही. जमशेटजी टाटा आणि निप्पॉन युसेन काइशा ही जपानी जहाज कंपनी यांनी १८९३ मध्ये मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली. इकडचा कापूस तिकडे जाई आणि आत्याचे आजेसासरे कापसाच्याच पेढीवर होते. टाटा बंधूंच्या संग्रहातल्या जपानी वस्तू तर आजही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतात.

मुंबईच्या दमट हवेने आकाशाच्या भागात तपकिरी ठिपके पडले आहेत. ते ब्लीच करून घालवण्याचा सल्ला आत्याला एका फ्रेमवाल्याने दिला होता. तिने तो मानला नाही, हे फार बरे झाले, कारण ब्लीचने ठिपक्यांबरोबर पागोड्याचा तांबडा रंगही उतरला असता. आता कागद-जतनाच्या जाणकाराकडून आम्लविरहित माउंट घालून घ्यायचा आणि ठिपके तसेच राहू द्यायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.