छत्रीचे वटवाघूळ, नोंद तिसरी: पुन्हा नेफ्याकडे

मागच्या नोंदीत मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की लेकीच्या हॅलोविनच्या वटवाघूळ-पोशाखाचे, मोडक्या छत्रीतून कापलेले पंख चिकटवून झाले आहेत आणि आता फक्त कान उरले आहेत. शनिवारी सकाळी बाहेर २ अंश सेल्सिअस तापमान असताना लेकीने हुडी घालून अंगणात दोनदा हात पसरले आणि छत्रीच्या चारही काड्या कापडापासून टपटप सुटल्या. गोंदाच्या पट्ट्या अखंड निघाल्या, जणू त्या कशाला चिकटल्याच नव्हत्या.

नव्याने आलेल्यांसाठी एवढेच सांगतो, की ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, मुले वेष करून घरोघरी फिरतात आणि अमेरिकेतल्या थंड मिनेसोटात हा पोशाख जाड जाकिटावर चढवावा लागतो. १९९१ मध्ये ऐन हॅलोविनच्या दिवशी सुरू झालेल्या वादळात मिनियापोलिसला २८.४ इंच बर्फ पडले होते आणि आमचे शेजारी दर ऑक्टोबरात त्याची आठवण काढतातच. म्हणून थ्रिफ्ट स्टोअरमधून (वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून) ४ डॉलरला घेतलेली काळी हुडी दोन मापे मोठी आहे आणि तिच्यावरचा प्रत्येक जोड थंडीत टिकणे भाग आहे.

पाव छत्रीचा आराखडा मात्र पक्का ठरला. छत्रीचा मधला बिंदू काखेत, एक सरळ कड बाहीखाली आणि दुसरी कुशीच्या शिवणीवर घेतली, की हात खाली करताच पंख आपोआप मिटतो. वरच्या कडेला प्रत्यक्ष हातच असल्यामुळे तेथे काडी लागत नाही. एका पंखाला दोनच काड्या पुरतात. म्हणजे आठ काड्यांच्या एका मोडक्या छत्रीतून चार पंख निघतात! हा हिशेब जुळला त्या रात्री मी इतका खूश झालो, की जुन्या चादरीचे भूत होणार असलेल्या धाकट्यालाही वटवाघूळ करून टाकले. माणशी १० डॉलरची आमची मर्यादाही त्यामुळे सहज पाळली जाईल.

आता गोंदाविषयी. आधी मला वाटले की दोष माझ्या कमी तापमानाच्या ग्लू गनचा (गोंदाची कांडी वितळवून सोडणाऱ्या पिस्तुलाचा) असावा, म्हणून जास्त तापमानाची गन उसनी आणली. तिने गोंद पसरण्याआधीच पातळ कापड आक्रसले. मग काड्या सँडपेपरने खरवडून पाहिल्या. धातूवरची पकड थोडी सुधारली, पण कापडाची बाजू तशीच सुटत राहिली, कारण पाणी निथळून जावे म्हणून छत्रीच्या कापडाला जो लेप दिलेला असतो तोच गोंदालाही टिकू देत नाही. त्यातच थंडीत हा गोंद कडक होतो आणि वाकवले की तडकतो. तीन संध्याकाळी यात गेल्यावर मी उरलेली छत्री नीट उलटी करून पाहिली, तेव्हा लक्षात आले की छत्री करणाऱ्याने गोंदाचा थेंबही वापरलेला नाही. कापड काडीला ठरावीक जागी दोऱ्याने बांधलेले आहे, बस्स. हे पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते.

उपाय सापडला तो इस्त्रीच्या कपड्यांत. बायकोच्या जुन्या काळ्या परकराच्या नेफ्यात नाडी सरकते, तशी नेफ्यात काडी का सरकू नये? त्याच परकराच्या तीन सेंटिमीटर रुंद तिरक्या पट्ट्या कापून पंखाच्या आतल्या बाजूने दोन टिपा मारल्या, काड्या आत सरकवल्या आणि दोन्ही तोंडे हाताने घट्ट शिवली. यात साधी धारदार उसवणी (टाके उसवायचे छोटे अवजार) हे सर्वांत मोलाचे हत्यार ठरले, कारण पहिला नेफा इतका अरुंद झाला होता की तो दोनदा उसवावा लागला. काळ्या दोऱ्याबद्दल एक सल्ला: शिवणसामान विकणारी जोअ‍ॅनची दुकाने २०२५ मध्ये बंद झाल्यापासून मी दोरा ऑनलाइन मागवतो, पण स्वस्त रिळांचा दोरा मशीनवर सारखा तुटतो. तेथे दोन डॉलर वाचवू नका.

पुढच्या आठवड्यात रविवारी एक अंशात, वीस मिनिटे, शेजाऱ्याच्या कुत्र्यामागे धावूनही एकही टाका हलला नाही.

येथे नोंद संपायची होती. परंतु लेकीने पंख निरखून सांगितले, की वटवाघळाच्या पंखातली हाडे ही त्याची बोटे असतात आणि ती काखेतून नव्हे, मनगटातून फाकतात. तिचे म्हणणे अगदी बरोबर आहे. पोलादी काड्या मनगटाकडून फाकवल्या तर त्यांची टोके इतर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतील, म्हणून तो विचार मी लगेच सोडला. पण नेफ्यात पोलादच हवे असे कोणी सांगितले? लांब झिप टाय (तारा बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या) वाकतात, टोचत नाहीत आणि नेफ्यात कोणाला दिसतही नाहीत. तेव्हा लेकीच्या पंखातल्या काड्या काढून मनगटापासून कमरेकडे तीन नवे नेफे घालीन आणि कडेला त्यांच्या टोकांमध्ये खाचा कापीन. धाकट्याला शरीरशास्त्राची पर्वा नाही, त्यामुळे त्याचे पंख काखेतूनच फाकतील. फक्त टोकांवर लाकडी मणी बसवायचे आहेत.

कान अजून उरलेच आहेत. ३१ तारखेला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाठीवर चमकणारी पट्टीही लावायची आहे. आणि बाहीच्या कडेला एक भोक पाडायचे आहे, कारण वटवाघळाचा अंगठा पंखाबाहेर मोकळा असतो, हेही मला काल रात्री जेवताना ऐकवण्यात आले आहे.