पद्मिनीची पन्नाशी

जुन्या मोटारीबद्दल सल्ला द्यायला स्वतःला मोटार चालवता यावी लागत नाही. नाशिकच्या गंगापूर रोडला काकांच्या पोर्चमध्ये प्रीमियर पद्मिनी उभी आहे. तिच्याविषयी मत देऊन गेलेल्यांत इस्त्रीवाला आहे, कुरिअरवाला आहे आणि लुनाखेरीज काहीही न चालवलेला माझा मेहुणाही आहे. मतं मात्र दोनच. 'नव्यासारखी करून टाका' किंवा 'हातच लावू नका'. भंगाराचं तिसरं मत काकूंसमोर कुणी काढत नाही.

गाडी १९७५ची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाट ११०० डिलाइटला 'पद्मिनी' हे नाव मिळून फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग बाकासारखी सीट. काकांचा नातू म्हणतो, "आबा, पत्रा उघडा करून मेटॅलिक रंग मारू, अलॉय टाकू, एसी बसवू." आबा ऐकून घेतात आणि पेपर उलटतात. हा काही त्यांचा होकार नव्हे.

मी मुळात नव्यासारखी करण्याच्या बाजूचा होतो. मग एकदा गाडीभोवती सावकाश फिरलो. बोनेटवर दरवर्षी दसऱ्याला एकाच जागी स्वस्तिक काढल्यामुळे तिथला रंग कुंकवाने कायमचा तांबूस झालाय. मागच्या उजव्या मडगार्डला काकू गाडी शिकत असतानाचा पोचा आहे. कंपाउंडचा तो खांब कधीच पाडला, पोचा राहिला. डिकीच्या तळाला द्राक्षांच्या क्रेटचे ओरखडे. सप्तशृंगी गडावर जाताना नांदुरीचा घाट चढून इंजिन तापायचं, बोनेट उघडून रेडिएटर निवेपर्यंत सगळे रस्त्याकडेला भेळ खायचे, आणि तिखटाचे हात पुसून पुसून पुढच्या सीटचं रेक्झिन एका कडेला काळं पडलंय. नव्यासारखी म्हणजे हे सगळं घासून काढायचं. कारखान्यातून निघाली तशी ती गाडी आमच्या घरात जेमतेम एक दिवस होती. त्या एका दिवसासाठी पुढची पन्नास वर्षं खरवडायची, हा हिशेब मला जमेना.

गंमत म्हणजे फियाटच्या माहेरचं मतही हेच आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे 'फिवा'ने, २०१२मध्ये एक सनद मंजूर केली. तिचं नाव तुरिन सनद, आणि फियाटमधला 'टी' म्हणजे हेच इटलीतलं तुरिन शहर. वाहन आहे तसं जपणं आधी, पुन्हा घडवणं नंतर आणि गरजेपुरतं, असा तिचा रोख.

पण गंजाला आठवणीचा मान द्यायला मी तयार नाही. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली की पोर्चची फरशी दिसते. ब्रेकचे व्हील सिलेंडर गळतात, वायरिंगचं आवरण हात लावला की तुकडे होऊन पडतं. 'हातच लावू नका' म्हणणारे या गाडीत बसून कसारा घाट उतरून दाखवणार असतील, तरच त्यांचं ऐकावं.

यात कायद्याचीही एक गाठ आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला असेल तर ही नोंद मिळत नाही. म्हणजे नातवाचा बेत तिथेच बारगळतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यालाच परवानगी. काकांनी हे ऐकून एकच प्रश्न विचारला, "मग गडावर कसं जायचं?" व्हिंटेजचा कागद तिथेच मिटला. आता पेठ रोडच्या आरटीओत नेहमीचं पासिंग करून घ्यायचं, आणि त्यासाठी ब्रेक-दिवे धड हवेतच.

म्हणून रंग, पोचा, सीट तशीच ठेवायची. ब्रेक, टायर, वायरिंग नवं टाकायचं आणि खालचा पत्रा कापून नवा जोडायचा, असं ठरलं. वाद उरला तो या जोडाचा. वास्तुजतनाच्या १९६४च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय की नवा भाग जुन्याशी मिळताजुळता असावा, तरी वेगळा ओळखू यावा. सुंदरनारायण मंदिरात झिजलेल्या दगडांच्या जागी नवे घडीव दगड बसवले, तेव्हा आम्ही नाशिककर पुलाकडून जाता-येता नवे कुठले, जुने कुठले ते बोटं दाखवून सांगत होतोच. मला ते आवडलं होतं. म्हणून वडाळा नाक्यावर गाड्यांच्या पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांना म्हटलं, नव्या पत्र्याला नुसता प्रायमर मारा, जोड दिसू दे.

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाजी मुद्दाम करपवायला सांगतोय. पन्नास वर्षं त्यांचा हात लांबी (पुट्टी) लावून जोड लपवण्यात मुरलेला. शेवटी तयार झाले, पण अट घातली.

"करतो. पण हे काम कुणी केलं विचारलं, तर माझं नाव सांगायचं नाही."