लाल दिसली की तांबोशी

दुपारी दीडच्या सुमाराला पणजीच्या मासळीबाजारात गिऱ्हाईक पांगतं, बर्फाचं पाणी होतं, आणि टोपलीत उरलेली प्रत्येक लाल मासळी तांबोशी, म्हणजे रेड स्नॅपर, ठरते. "तांबोशी ती, व्हर!" म्हणजे घेऊन जा. त्यातल्या एखाद्याचे ओठ मात्र चुगली करतात. जाड, पुढे आलेले, त्यांतून सुळे डोकावणारे. तो रॅस, वेगळ्याच कुळातला मासा. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवावं: तांबोशी खरखरते, रॅस गुळगुळीत लागतो.

रंगाचं काही सांगू नये. खोल पाण्यात तांबडा उजेड पोचतच नाही. इथे कुंकवासारखा दिसणारा मासा तिथे काळपट सावली असतो. वर आला की फिकटतो, जतन करायच्या अल्कोहोलात तर पेंढ्याच्या रंगाचा होतो. त्यातून रॅसमध्ये मादीचा नर होतो आणि कपडे बदलावेत तसा रंग बदलतो.

म्हणून जात नक्की ओळखायची तर आधी ताजा फोटो. मासा थर्मोकोलवर, डोकं डावीकडे. पर टाचण्यांनी ताणायचे, त्यांवर तीव्र फॉर्मॅलिनचा, म्हणजे मासा टिकवणाऱ्या रसायनाचा, ब्रश फिरवायचा. काही मिनिटांत ताठरतात. डावी बाजू शाबूत ठेवायची. डीएनएसाठी मांसाचा तुकडा उजवीकडून घ्यायचा, तोही फॉर्मॅलिनला हात लावण्याआधी, आणि थेट ९५ टक्के अल्कोहोलात टाकायचा. हा क्रम चुकला की पुढची चाचणी बोंबलली. मग अख्खा मासा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, शेवटी ७० टक्के अल्कोहोलात.

मोजणी हे खरं किचकट काम. बोडिअॅनस नावाच्या गटातल्या रॅसच्या पाठीवर १२ कठीण काटे, मागे दहाच्या आसपास मऊ. शेवटचा मऊ काटा मुळाशी दुभंगलेला असतो; तो एकच धरायचा. नवखे इथे हटकून एक जास्त मोजतात. लांबी शेपटीच्या मुळापर्यंतच. बाजारात शेपटीसकट सांगतात, ते वेगळं.

मालदीवच्या ४० ते ७० मीटर खोलीतला एक गुलाबी रॅस १९९०च्या दशकात सापडला, पण चागोस बेटांकडच्या एका जातीचा मोठा मासा म्हणून तो खपून गेला. त्या जातीचं वर्णन एका पिल्लावरून केलेलं होतं! पुढे दोन्हीकडची पिल्लं आणि मोठे मासे शेजारी ठेवून खवले मोजले, काट्यांची उंची मापली, तेव्हा २०२२ मध्ये सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा हे नाव मिळालं. फिनिफेन्मा म्हणजे गुलाब, तिथलं राष्ट्रीय फूल.

रॅसच्या घशात शिंपले फोडणाऱ्या दातांची एक जुळलेली पाटी असते. कुळ ओळखायला ही चांगली खूण. बाजारात कल्ल्यांबरोबर तीही ओरबाडून काढतात. खाली मांजर बसलेलंच असतं.