तुम्ही विचारलंत म्हणून: मी चेहरे कोरते त्या ब्रोचमधला दगड खरा की रंगवलेला?

दोन्ही. अकीक, म्हणजे अगेट, खरा, पांढरा पट्टा निसर्गाचा, काळा रंग दिलेला.

पांढऱ्या थरात चेहरा कोरायचा तर खालचा थर गडद हवा, आणि इतका काळा थर निसर्गात क्वचित मिळतो. म्हणून दगड बरेच दिवस साखरेच्या पाकात ठेवतात, मग गंधकाम्लात. सच्छिद्र थरात मुरलेल्या साखरेचा कोळसा होतो. पांढरा थर घट्ट, त्यात पाक शिरत नाही. जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइनला हे एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. मी लपवलेलं नाही.

तरीही पुण्यातल्या एका प्रदर्शनात एक बाई प्रयोगशाळेचा कागद घेऊन आल्या. माझ्याकडून घेतलेला ब्रोच टेबलावर ठेवून त्यांनी भर गर्दीत वाचून दाखवलं, 'रंगवलेला अगेट'. बिलावर मी तेच लिहिलं होतं. ते दाखवलं, तर म्हणाल्या, "बिल कोण वाचतं? तुम्ही ब्लॅक ऑनिक्स म्हणालात." मी म्हणाले होते, बाजारात त्याला तेच म्हणतात. आजूबाजूची माणसं थांबून ऐकत होती. त्या ब्रोचमधल्या चेहऱ्याच्या गालावर पांढरा थर इतका पातळ केला होता, की खालचा काळा त्यातून निळसर दिसत होता. आणखी जरा घासलं असतं तर गालच गेला असता. तिकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मी पैसे परत केले. राग अजून गेलेला नाही.

'आपल्याकडचा नैसर्गिक दगड वापरा ना!' वापरते. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत पट्ट्यांचा अकीक भरपूर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणहून पट्ट्यांचे दगड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जात. पण त्यातले करडे, तपकिरी तुकडे तुम्हीच बाजूला सारता आणि काळा उचलता.

सुरुवातीला मीही म्हणायचे, रंगवलेल्या दगडाला हात लावणार नाही. पण तेव्हाही खंभातचा लाल अकीक आनंदाने घेत होतेच. तो तापवून लाल करतात. आग चालते, मग साखर का नाही? तेव्हाची मी म्हणेल, लाल करणारं लोह दगडातलंच होतं, साखर बाहेरची. तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

रंगवलेला आहे तर किंमत कमी करा, असं आता काहीजण सांगतात. दगडाच्या पैशांत करेन. कोरणावळ तीच राहील, कारण करड्या दगडालाही हाताला तेवढंच काम पडतं.