आजारी मासा खात नाही

मागच्या आठवड्यात बचत गटातल्या एका मैत्रिणीचा सकाळी सहाला फोन आला. "ताई, तळ्यातले मासे वर येऊन तोंड उघडायलेत. पोटाखाली लाल डाग हायेत. कोणती पावडर टाकू?" मी म्हटलं, आधी काहीच टाकू नको. आजचं खाद्य बंद ठेव, मोटार लाव आणि पाणी उंचावरून तळ्यात पाड, म्हणजे त्यात हवा मिसळेल. तिला ते पटलं नाही. डोळ्यांसमोर मासे मरत असताना हात बांधून कोण बसेल? तीन वर्षांपूर्वी मीही बसले नव्हते.

आमचं शेत वसमत तालुक्यात. तीन एकर हळद, थोडं सोयाबीन आणि एक शेततळं. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, आत प्लास्टिकचा कागद. काठोकाठ भरलं की साधारण २२ लाख लिटर पाणी. तळं खोदलं हळदीसाठी. पाणी नुसतंच उभं राहतं म्हणून त्यात रोहू, कटला आणि मृगळाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडली, पंधराशे. हेक्टरी दहा हजार या हिशोबाने एवढ्या तळ्याला नऊशेच पुरे होती. विकणाऱ्याने ते सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्या एप्रिलमध्ये पाणी निम्म्यावर आलं. पाण्याला हिरवट वास यायला लागला, मासे पहाटे काठाला गोळा व्हायचे. मग एकेकाच्या परांच्या बुडाशी रक्त साकळलेलं दिसू लागलं, पोटं फुगली, खवले उभे राहिले. यांनी दुकानातून कोंबड्यांना देतात ती ऑक्सिटेट्रासायक्लिनची, म्हणजे जिवाणू मारायच्या औषधाची पाकिटं आणली. अर्धा किलो. बादलीत कालवून मी स्वतः चारी कोपऱ्यांत ओतली. आठ दिवसांत चारशेच्या वर मासे गेले. आत्याबाई आणि मी बांधाला खड्डा करून, चुना टाकून ते पुरत होतो. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "जित्राब हाये बाई ते बी."

ओतलेल्या औषधाचा हिशोब मी पुढे कितीदा तरी मांडला. तेव्हा तळ्यात दहा लाख लिटरच्या आसपास पाणी होतं. अर्धा किलो पावडर म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम, आणि त्या पावडरीतही खरं औषध थोडंच. वर आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की भांड्यांवर पांढरा थर बसतो. टेट्रासायक्लिन जातीचं औषध जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला चिकटून बसतं. दवाखान्यात सांगतात ना, ही गोळी दुधाबरोबर घेऊ नका, तेच कारण. म्हणजे माशापर्यंत जवळजवळ काही पोचलं नाही. पाण्यातल्या जिवाणूंना मात्र मरणार नाहीत एवढ्या मात्रेची ओळख झाली. अशाच ओळखीतून ते औषधाला दाद द्यायचे थांबतात, आणि ती ताकद एकमेकांनाही देतात. तेच पाणी जूनमध्ये ठिबकने हळदीला गेलं. आमच्या शेळ्या तेच पाणी प्याल्या. जे मासे वाचले ते आम्ही गावात विकले, लोकांनी खाल्ले. अमेरिकेत काही माशांना हे औषध खाद्यातून दिलं तर पुढचे २१ दिवस ते विक्रीला काढता येत नाहीत. परदेशी जाणारी कोळंबी औषधाच्या अंशासाठी तपासतात. आमच्या आठवडी बाजारात मासा तपासताना मी कोणाला पाहिलेलं नाही. चारशे मासे गेल्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

पुढे उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात गेले. तिथल्या सरांनी हा रोग करणाऱ्या जिवाणूचं नाव सांगितलं, एरोमोनास. हा जिवाणू पाण्यात कायमच असतो. मासा दमला, प्राणवायू कमी पडला, अमोनिया वाढला की तो वरचढ होतो. मी विचारलं, "सर, घरची हळद आहे, ती टाकली तर?" ते हसले नाहीत. माशांवर आपल्या देशात झालेलं काम त्यांनी सांगितलं. रोहूच्या बोटुकलीला खाद्यातून लसूण, हळद, आघाड्याचं बी, अश्वगंधा, एवढंच काय आंब्याच्या कोयीतला गर देऊन पाहिलाय. मग त्याच एरोमोनासची लागण मुद्दाम करून कोण किती तगतं ते मोजलं. ही खाद्यं खाल्लेल्या माशांची रक्तातली लढाऊ ताकद वाढलेली दिसली आणि मरही कमी झाली.

मी वहीत भराभर लिहून घेत होते. पण माझी वही बंद करायला लावणारं वाक्य त्यांनी त्यानंतर उच्चारलं. "ताई, आजारी मासा खात नाही."

खाद्यातून जे काही द्यायचं, झाडाचं असो की कारखान्याचं, ते मासा खातोय तोवरच पोटात जाणार. उन्हाळ्याचा आजार एप्रिलमध्ये येणार असेल तर लसूण फेब्रुवारीतच सुरू व्हायला हवा. झाडपाल्याच्या अर्काची जागा आजाराच्या अलीकडे आहे. मासे उलटे तरंगायला लागल्यावर लसणाच्या टोपल्या ओतून ते सुलटे होणार नाहीत.

अर्क कशात काढला यावरही सगळं अवलंबून असतं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये किंवा तेलात उतरतं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जिवाणू वाढवून मधोमध अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवतात. भोवती जिवाणू नसलेलं रिंगण पडलं की अर्क लागू पडला. पण बशीतलं रिंगण म्हणजे तळं नव्हे. हळद पावडर तळ्यात टाकली तर ती खाली जाऊन बसते, बस. मीही पाच किलो टाकून पाहिली आहे.

लसणाचं कळलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण ते आम्ही बायका आधीपासून जाणतो. अख्ख्या पाकळीला वास नसतो. ठेचली की दोन वेगळे घटक एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. तो झणका म्हणजेच औषध. ठेचून लगेच गरम केलं तर ते तयार होण्याआधीच काम थांबतं. म्हणून मी किलोभर खाद्याला दहा ग्रॅम लसूण खलबत्त्यात ठेचते, दहा मिनिटं तसाच ठेवते. मग पाच ग्रॅम हळद चमचाभर करडईच्या तेलात कालवून त्यात घालते. तांदळाची पेज थंड करून तिच्यात सगळं एकत्र करते आणि दाणेदार खाद्यावर चोळते. पेजेमुळे ते दाण्याला धरून राहतं, पाण्यात सुटत नाही. सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच करायचं. पंधरा दिवस द्यायचं, पंधरा दिवस साधं खाद्य. सतत दिलं तर शरीर त्याला सरावतं.

आणि झाडाचं आहे म्हणजे बाधणार नाही, असं कृपा करून कोणी समजू नका. कळमनुरीकडचे एक म्हातारे बाबा आमच्याकडे हळद काढायला यायचे. ते सांगायचे, पूर्वी गेळीच्या झाडाची फळं ठेचून डोहात टाकली की मासे गुंगून वर यायचे, हाताने धरायचे. मोहाची पेंड तर आजही तळ्यातले नको असलेले मासे मारायला वापरतात, तिच्यातल्या सॅपोनिन या माशांना विषारी घटकामुळे. कडुलिंबाचा काढाही जास्त झाला तर माशाला जड जातो. भाऊजींनी माशांवरच्या उवांसाठी तो अंदाजाने तळ्यात ओतायचं ठरवलं होतं. मी आधी टबात दहा बोटुकल्या ठेवून बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा मेल्या होत्या. तेव्हापासून कोणतीही नवी गोष्ट टबात दोन दिवस पाहिल्याशिवाय तळ्यापर्यंत जात नाही.

गेले दोन उन्हाळे मर फार कमी झाली आहे. सगळं श्रेय लसणाला दिलं तर ते खोटं ठरेल. मी मासे नऊशेच सोडते, मार्चपासून खाद्य कमी करते, पहाटे मोटार लावते, बोटुकली सोडण्याआधी मिठाच्या पाण्यातून काढते. यातल्या कशाने किती फरक पडला ते मला वेगळं काढता येणार नाही, आणि यातलं एकही सोडायची माझी तयारी नाही.

फोन केलेल्या मैत्रिणीचे साठ-सत्तर मासे गेले, बाकीचे तगले. तिने पावडर टाकली नाही. काल ती आमच्याकडे येऊन खाद्य कसं चोळायचं ते बघून गेली.

केशर आंब्याचा हंगाम संपत आलाय. घरातल्या आणि शेजारच्या कोयी गोळा करून पत्र्यावर वाळत घातल्या आहेत, साधारण दोन पोती. त्या फोडून गर दळायचं काम आत्याबाईंनी अंगावर घेतलंय. टब घासून ठेवलाय, दहा बोटुकल्या त्यात सोडल्यात. त्या पीठ घातलेलं खाद्य खातात का, ते आधी बघायचंय.